नागपूर–नाशिक, दीड तास

माझ्या आतेबहिणीचं लग्न नाशिकला होतं, दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर. आमच्याकडे नवरीला मांडवात मामा आणतो, आणि बाबा तिचे एकुलते एक मामा. पण ते शिक्षक. आदल्या सायंकाळपर्यंत परीक्षेच्या ड्युटीवर अडकलेले. रात्रीच्या गाडीचं वेटिंग शेवटपर्यंत हललं नाही आणि रात्रभर उभं राहणं त्यांच्या गुडघ्याला झेपलं नसतं. शेवटी सकाळच्या विमानाचं तिकीट काढलं. तेही मी.

मी काढलं, हे सांगितलं पाहिजे. नव्या विमानतळांच्या सरकारी घोषणांविरुद्ध आणि रेल्वेच्या जनरल डब्यांसाठी मी पत्रकं लिहिते, आर्वी नाक्यावर उभी राहून वाटते. माझं मत आजही तेच आहे. नागपूर ते नाशिक दीड तास म्हणतात, तो एका धावपट्टीपासून दुसऱ्या धावपट्टीपर्यंतचा. नागपूरपासून गाडीनं दीड तासावरच्या आमच्या पिपरी मेघेतल्या घराच्या फाटकापासून कोणी मोजत नाही. म्हणून मी एका उरलेल्या पत्रकाच्या पाठीवर सगळं लिहून दिलं: सहाला निघायचं, साडेआठला काउंटर बंद, साडेनऊला विमान, अकराला उतरायचं, पुढे कार्यालयापर्यंत पाऊण तास.

बाबांनी चष्मा लावून कागद वाचला आणि हसले.

"तू त बढवूनच लिहितं बेटा."

"बाबा, हे पत्रक नाई."

"बरं, बरं."

सकाळी सहाला मी बॅगा घेऊन फाटकात उभी. गाडीचा पत्ता नाही. ड्रायव्हरला फोन लावला.

"गुरुजीनं रात्री फोन करून सव्वासात सांगतले न ताई! मी सवारी घेऊन सेलूले चाललो. लौकर नाई जमत."

बाबा आत दाढी करत होते.

"काऊन तपून राह्यली इतकी? मागच्या सभेले पाचशे लोकं होते म्हणून तुनं छापलं. मी मागं उभा राहून मोजले, साठ होते. म्हणून या कागदावरचा सवा तास कापला."

सभेला साठच लोक होते.

गाडी सव्वासातला आली. आम्ही विमानतळाच्या काउंटरवर पोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते. तिथल्या मुलीनं शांतपणे सांगितलं, बंद झालं. कितीतरी कचेऱ्यांत मी टेबलावर हात आपटून कामं करून घेतली आहेत. इथं मी बॅगा काउंटरवरून बाजूला घेतल्या. तिची चूक नव्हती. वेळ तिकिटावर छापलेली होती.

बाबांनी आत्याला फोन लावला.

"दादा, बसला का विमानात?"

"चुकलं. नागपुरातच आहो."

पलीकडे सनई वाजत होती.

"मंग मामा म्हणून कोणाले उभा करू मी? पोरगी सकाळपासून तुह्याच नावानं बसली आहे."

"आपला चुलतभाऊ आला आहे न तिथं. त्याले दे फोन."

काका फोनवर आले. बाबा वर्गात सांगतात तसं सावकाश सांगू लागले.

"हे पाय, तिचा उजवा हात धरजो. साडी जड आहे, पायरीवर थांबजो. अन् तू नको रडजो, तुले सवय आहे."

त्यांनी हे तीनदा सांगितलं. तिसऱ्या खेपेला त्यांचा स्वतःचा हात पुढे आला होता. मी बॅगा उचलल्या आणि ते बोलायचे थांबेपर्यंत बाजूला उभी राहिले.