एक बदाम कमी

विमानतळ उलव्याला झाला आणि आमच्या घराचा भाव एका दिवसात उतरला. आधी बंगळुरूहून मुलगी, जावई आणि नात यायची तेव्हा विमान मुंबईत उतरायचं, मुलीच्या सासरी उलव्याला जाताना आमचं नेरूळ आधी लागायचं, आणि नात पहिले दोन दिवस आमच्याकडे राहायची. कुणी ठरवलं नव्हतं, रस्त्यानेच ठरवलं होतं. यंदा मात्र मेच्या सुट्टीआधी व्हिडिओ कॉलवर जावयाच्या आई गोड आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, आता विमान आमच्या दारातच उतरणार. पोर दमलेली असते, आधी आमच्याकडेच येऊ दे."

पहिले दोन दिवस म्हणजे काय, ते कुठल्याही आजीला विचारा. पोरीच्या पोटात साठलेलं सगळं तेव्हाच बाहेर पडतं. नंतरच्या घराला त्याच गोष्टी शिळ्या मिळतात.

पण मी पडले मुलीकडची. "तुमचं बरोबर आहे" हे वाक्य मी झोपेतही बोलू शकते. ते ओठांवर आलंच होतं, इतक्यात जावई म्हणाला, "रविवारी पोकरवर ठरवा ना."

हे पोकर त्यानेच आम्हाला फोनवर शिकवलं. पैशांचं काही नाही, फुकटच्या चिप्स. रविवारी जेवणं आटपली की आम्ही चौघं आपापल्या घरून खेळतो, शेजारी व्हिडिओ कॉल चालू. मुलगी आणि जावई लवकर बाद होतात, उरतो आम्ही दोघी, आणि जिंकतात विहीणबाई. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेली बाई ती. "वांगी कशी केलीत हो?" असं विचारतानाच माझ्या हातात काय असेल याचा हिशेब त्यांनी मांडलेला असतो. मी पानं टाकण्यात पटाईत. समोरून जरा मोठी बोली आली की माझं बोट फोल्डवर.

त्या रविवारी मी ह्यांना आधीच बाल्कनीत धाडलं. ह्यांच्या चेहऱ्यावरून कुणीही माझी पानं वाचेल.

शेवटच्या डावात माझ्या हातात बदाम एक्का आणि बदाम सत्ती. टेबलावर चार पानं उघडली होती: बदाम राणी, बदाम तिर्री, किलवर दश्शी आणि इस्पिक राजा. म्हणजे माझे चार बदाम झाले होते. पाचवा आला असता तर डाव माझा. उघडायचं एकच पान राहिलं होतं आणि त्या क्षणी माझ्याकडे साधी जोडीही नव्हती. विहीणबाईंनी भरघोस बोली लावली.

अशा वेळी आपणच मोठी बोली लावली तर जावई तिला अर्धी थाप म्हणतो. कुकरची शिटी व्हायची असते आणि आपण बाहेर पाहुण्यांना सांगतो, "बसा, वाढतेच आहे." बोलणं खोटं, पण अगदीच खोटं नाही. पाहुण्यांनी मानलं तर उत्तम, आणि उठून आत आलेच तर तोवर भात झालेलाही असेल. ही थाप मी आयुष्यभर स्वयंपाकघरात मारली आहे. टेबलावर कधीच मारली नव्हती.

मी सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

"आई!" मुलगी किंचाळली. जावयाने तिला गप्प केलं.

विहीणबाईंनी वांग्यांची चौकशी थांबवली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. मी पदराशी चाळा करायचं टाळलं.

"माझ्याकडे राणीची जोडी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "दुसरं कुणी असतं तर सोडलं नसतं. पण तुम्ही लग्नात मानपानावरून एक शब्द काढला नाहीत. बारशालाही नाही. आज बोलताय म्हणजे हातात दुसरा राजा असणारच." आणि त्यांनी पानं टाकली.

मी जिंकले. मुलगी नाचत होती, मी हसत होते. माझ्या गप्प बसण्याकडे त्या घरात कुणाचं लक्ष असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

नात आली त्या दिवशी दोन्ही घरं विमानतळावर. पोरगी आधी माझ्या गळ्यात पडली आणि तिथेच सुरू झाली पडलेल्या दाताची गोष्ट, ताजी ताजी. सामान गाडीत चढत असताना विहीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "आता सांगा. राजा होता ना?"

"छे. एक बदाम कमी होता."

त्या इतक्या हसल्या की त्यांना माझा खांदा धरावा लागला. "म्हणजे तुम्हाला हवं असतं तेव्हा बोलता येतं तर! मग लग्नात का नाही बोललात? तो पनवेलचा हॉल तुम्हाला पसंत होता?"

"मुळीच नाही. मला नेरूळचा हवा होता."

"अहो, मलाही!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "पनवेलचा ह्यांच्या भावाने ठरवला होता. मला घरात बोलता येईना. मुलीकडचे नको म्हणतील, म्हणून मी रोज तुमच्या फोनची वाट बघत होते."