तोओ येर्मी आणि ओबेदचा पाय

आमच्या कुपांगमध्ये आईच्या भावाला तोओ म्हणतात. येर्मीला सगळं गावच तोओ म्हणतं, आणि तोही सगळ्यांना भाचे समजून झापतो. त्याचं गॅरेज माझ्या तळलेल्या केळ्यांच्या टपरीसमोर आहे. रविवारी हा माणूस चर्चमध्ये गाणाऱ्यांना सूर देतो. इतर दिवशी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून बसतो. एकदा त्यानं दोष सांगितला की विषय संपला. बोललेला शब्द त्यानं कधी मागे घेतल्याचं कुणाला आठवत नाही. महा हेकट! मला तो आवडतो, पण हे त्याला सांगून डोक्यावर कोण बसवून घेणार?

त्याचा एक नियम आहे. गाडी फाटकातून आत येण्याआधी गाणी बंद. आमच्या बेमोत, म्हणजे भाड्यानं माणसं नेणाऱ्या छोट्या गाड्यांत, बाकाखाली हे एवढाले स्पीकर असतात, आणि शाळेच्या पोरी धडधड ऐकूनच कुठल्या बेमोत बसायचं ते ठरवतात. गाणी नसलेली बेमो रिकामी फिरते. तोओला त्या धडधडीचा मनस्वी तिटकारा.

ईस्टरनंतर ओबेद चालवायचा ती जुनी बेमो चढावर आचके द्यायला लागली. सपाटीवर ठीक चालायची. चढावर पेडल दाबलं की क्षणभर अडखळायची, मग खोकायची, सगळी थरथरायची. एकदा तर बंदच पडली आणि आम्ही बायकांनी उतरून धक्का मारला. माझी केळी रस्त्यावर सांडली ती वेगळीच. तोओनं कार्बुरेटर उघडून धुतला, प्लग बदलले, पेट्रोलची गाळणी बदलली. मग स्वतः चढावर नेऊन पाहिली, तर सुरळीत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. तोओनं पॉइंट बदलले, टायमिंग पाहिलं. त्याच्या हातात गाडी ठणठणीत, ओबेदच्या हातात आजारी.

शेवटी तोओ भर चौकात म्हणाला, "गाडीला काही झालेलं नाही. ओबेदचा पाय जड आहे. पेडल दाबतोस का मका कांडतोस रे?"

लोक पोट धरून हसले. बोलणं गाडीच्या मालकिणीच्या, सोफीकाकूच्या कानावर गेलं. तिनं ओबेदला निरोप धाडला: शनिवारी चावी आणून दे, गाडी माझा भाचा चालवेल. ओबेदच्या घरी दोन लहान मुली, आणि त्याला दुसरं कुठलं काम येत नाही.  पेडल नीट कळावं म्हणून तो अनवाणी गाडी चालवायला लागला. मला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी तोओला एका मयताच्या प्रार्थनेला जायचं होतं. जगाच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याची स्वतःची मोटरसायकल बंद! आली ती ओबेदचीच बेमो. मी आधीच आत होते, तोओ नाक मुरडून माझ्या शेजारी बसला. गाणी दणदणत होती. चढ लागला, गाडीनं आचके दिले आणि तोओनं एकदम मान वर केली.

"ओबेद, बंद कर ते!"

"तोओ, चर्च पुढं आहे अजून, तिथं आलं की बंद करतो!"

"बंद कर म्हणतो ना, गाढवा!"

गाणी थांबली आणि गाडी मुकाट चढायला लागली.

"आता लाव."

गाडी लगेच खोकली. "बंद कर." सुधारली. म्हाताऱ्याला वेड लागलं म्हणून पोरी खिदळत होत्या. तोओनं गाडी बाजूला घ्यायला लावली आणि स्टेअरिंगखालचं फळकूट काढलं. ईस्टरला बसवलेल्या नव्या स्पीकरची वायर कुणीतरी इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या कॉइलच्या वायरीलाच जोडली होती. गाण्यातला ढोल वाजला की ठिणगीची वीज स्पीकर ओढून घ्यायचा, आणि चढावर ठिणगी जोरदार लागते. गॅरेजात तोओ गाणी बंद करायला लावायचा, मग दुखणं दिसणार कसं? ओबेद तर गाण्याशिवाय गाडी हाकतच नसे. तोओनं तिथंच रस्त्याकडेला बसून स्पीकरसाठी बॅटरीपासून वेगळी वायर ओढली. तिकडे प्रार्थना त्याच्याशिवाय उरकली. दोष काय होता हे मात्र त्यानं ओबेदला सांगितलं नाही, आणि ओबेदचीही विचारायची छाती झाली नाही.

शनिवारी मी केळी द्यायच्या निमित्तानं सोफीकाकूच्या ओसरीवर जाऊन बसले. ओबेदनं चावी टेबलावर ठेवली होती. तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घालून तोओ आला, हातात पान-सुपारीचा डबा. आमच्याकडे माफी मागताना पान-सुपारी पुढे ठेवतात. समोरच्यानं तोंडात टाकली की माफ केलं. ठेवायची धाकट्यानं थोरल्यापुढे. सोफीकाकूनं डब्यासाठी हात पुढे केला. तोओ तिच्या बाजूनं पुढे गेला आणि वयानं निम्म्या ओबेदपुढे त्यानं डबा ठेवला.

"काकू, दोष वायरीत होता. मी चुकीचं बोललो. चौकात बोललो, तसं उद्या चर्चबाहेर सगळ्यांदेखत सांगेन."

सोफीकाकूनं चावी ओबेदकडे सरकवली. त्यानं चावीला हात लावला नाही, डब्यालाही नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

"तोओ, म्हणजे मला गाडी चालवता येते?"

"येते रे बाळा. आधीपासून येते."

मग ओबेदनं सुपारी तोंडात टाकली.