हीटरचा पंखा आणि मी

मी जनावरांचा डॉक्टर. माझ्या हातून दगावलेला एकमेव पेशंट म्हणजे माझ्याच मोटारीतल्या हीटरचा पंखा. (एक रेडा त्यात धरायचा की नाही, यावर वाद आहे.)

एकाहत्तरच्या सुमारास माझी नगर जिल्ह्यातच, संगमनेरच्या पुढे डोंगराकडच्या थंड अकोल्याला बदली झाली. मुलगी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, म्हणून बायको, शकू, तिच्यापाशी नगरलाच राहिली. शिवाय शकूला दमा. थंडीत ती अकोल्याचं नावही काढू देत नसे. म्हणून मी धरणावरच्या एका निवृत्त इंजिनिअरची जुनी विलायती मोटार घेतली. तिला चक्क हीटर होता! तसं कळवल्यावर शकूचं पत्र आलं : ‘संक्रांतीला चार दिवस येते. संगमनेरला उतरेन. गाडी गरम असेल तर पुढे, नाहीतर तिथूनच परत.’

पत्र तीनदा वाचलं आणि गाडीत जाऊन बटण दाबलं. पंखा म्हाताऱ्या बैलासारखा कण्हला, दोन गिरक्या घेतल्या आणि बसला!

माझ्या खोलीसमोरच बबन मिस्त्रीचं दुकान होतं. विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता.

“सायेब, पंखा लई चालवता का?” त्यानं पहिलाच प्रश्न विचारला.

“छे! हातसुद्धा लावत नाही.”

बबननं माझ्याकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. “मंग फ्यूज आसंल,” तो म्हणाला.

फ्यूज ठणठणीत निघाला. “मंग वायर आसंल.” वायरही शाबूत. दुसऱ्या दिवशी स्विच निघाला, त्यामागून हीटरच्या नळ्या निघाल्या. मीही गप्प बसेना. स्टेथोस्कोप लावून पंख्याच्या मोटरची छाती तपासली आणि “बद्धकोष्ठ दिसतंय,” असं निदान केलं. मग सगळा डॅशबोर्डच उतरला! अधूनमधून बबन विचारी, “सायेब, खरंच चालवत न्हाई ना?” मी म्हणे, “अरे, सांगितलं ना एकदा!” तो मान हलवी आणि आणखी एक नट काढी.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी माझी मोटार गोणपाटावर पसरली होती. स्टीअरिंग तेवढं जागेवर होतं, ते धरून मी आत बसलो होतो. संगमनेरला कसा जाणार, कपाळ!

एवढ्यात मागून आवाज आला, “अहो, संगमनेरला तासभर वाट पाहिली! शेवटी पुढची एस.टी. धरली.”

शकू! अंगावर शाल, नाकाला रुमाल, हातात तिळगुळाचा डबा. तिनं गोणपाटावर एक नजर टाकली. “हीच का ती गरम गाडी?”

“पंख्यात काहीतरी गूढ बिघाड आहे गं,” मी म्हणालो.

“गूढ कसलं, वहिनी?” बबनचा धीर सुटला. “मोटरच्या आतलं कार्बनचं तुकडं पार झिजल्यात. सायेब रोज सांजच्याला गाडीत बसत्यात. गाडी जागची हलत न्हाई. निस्ता पंखा लावून दोन-दोन तास बसत्यात. मी समोरूनच बघतो की!”

“अरे, मग पहिल्याच दिवशी बोलला का नाहीस?” मी ओरडलो.

“तुमी म्हनला हात लावत न्हाई. सायबास्नी खोटं कसं पाडायचं? म्हनून खोलत बसलो, म्हनलं कदी तरी तुमीच बोलाल!”

शकू हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. “दोन-दोन तास काय करत होता हो?” तिनं हळूच विचारलं.

“काही नाही गं. खोलीत फार गप्प गप्प असतं. पंखा जरा घर्रर्र करायचा, घरात कुणीतरी आहे असं वाटायचं,” मी स्टीअरिंगकडे बघत म्हणालो.

बबन एकदम नट शोधायला गोणपाटाखाली वाकला.

शकू चार दिवस राहिली. शेगडीपाशी बसून खोकली, माझ्या सगळ्या सदऱ्यांची बटणं लावली आणि अखंड बोलली. निघताना म्हणाली, “पोरीची परीक्षा झाली की बिऱ्हाड घेऊनच येते. तोवर गाडीत एकटे बसू नका, लोक हसतात.”

मी हो म्हणालो. पण संध्याकाळ काही ऐकत नाही! डॅशबोर्ड जागेवर बसला, पण नवे कार्बन नाशिकहून यायचे होते. त्यामुळे परीक्षा होईपर्यंत मी रोज गाडीत बसलो. काचा वर केल्या, बबनचं दुकान बंद झाल्याची खात्री करून घेतली आणि घर्रर्र तोंडानंच केलं.