इतिवृत्तातली एक ओळ

दोन वर्षांत विभावरी साळवीने वेलिंग्टनमधली सेहेचाळीस घरं पाहिली आणि सगळीच्या सगळी नाकारली. ती एका सरकारी खात्यात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने बनवलेल्या गोष्टीतली खोट शोधायची, नोंदवायची आणि पुढे सरकायचं, हे काम ती सतरा वर्षं करत आली आहे, आधी पुण्यात आणि मग इथे. घरांसाठीही तिने तशीच एक शीट केली होती. एका ओळीत एक घर आणि शेवटच्या रकान्यात नाकारण्याचं कारण. ‘बेडरूमला ऊन नाही.’ ‘भूकंपाचं रेटिंग चौतीस टक्के.’ ‘बसस्टॉपपर्यंत एकशे बारा पायऱ्या.’ ‘कपाटात बुरशी, वरून ताजा रंग.’ एका घरापुढे नुसतंच ‘शेजारी’ असं लिहिलेलं होतं. मराठी मंडळात तिच्या मागे लोक म्हणत, हिला घर नकोच आहे, हिला तपासायला काहीतरी हवंय. तोंडावर मात्र सगळे म्हणत, “बरोबर आहे गं, घाई करूच नये.”

आता घाई करणं भाग होतं. जॉन्सनव्हिलमधल्या ज्या घरात ती सहा वर्षं भाड्याने राहत होती, त्याच्या मालकाने जुलैअखेर नव्वद दिवसांची नोटीस दिली. त्याच आठवड्यात ऑफिसात पुनर्रचनेचा तिसरा प्रस्ताव आला. आधीच्या दोन्हींतून तिची खुर्ची वाचली होती. बँकेने मंजूर केलेल्या कर्जाची मुदत सप्टेंबरअखेर संपणार होती. त्यानंतर नोकरी राहिली नसती, तर एकेचाळिसाव्या वर्षी, एकटीच्या जिवावर, पुन्हा बँकेच्या दारात जाण्यात अर्थ नव्हता. घर घ्यायचं तर या दोन महिन्यांत, नाहीतर बहुधा कधीच नाही.

शिवाय बाबा आलेले होते. मोरेश्वर साळवी, वय चौऱ्याहत्तर, वीज मंडळातून निवृत्त, पाच महिन्यांच्या मुक्कामाला. आई या खेपेला नाशिकला, सुनेच्या बाळंतपणासाठी थांबली होती. भाड्याच्या घराच्या काचा रोज सकाळी आतून घामेजलेल्या असत. मोरेश्वर चहाआधी जुना टॉवेल घेऊन त्या पुसत आणि पुसताना खोकत.

“ठाण्याला भर पावसाळ्यात काचेवर एवढं पाणी नसतं,” ते म्हणत.

“बाबा, राहू द्या ना ते.”

“राहू दिलं तर भिंतीत जातं.”

सत्तेचाळिसावं घर टे आरोमध्ये होतं. सगळ्यात वरचा, सहावा मजला, दोन बेडरूम, उत्तरेला बाल्कनी.

“उत्तरेला? मग ऊन कुठून येणार?” मोरेश्वरांनी लिफ्टमध्येच विचारलं.

“इथे सूर्य उत्तरेकडूनच जातो, बाबा.”

“हां. इथे सगळंच उलट.”

ऑगस्टमधला रविवार होता. घर अर्धा तास बघायला खुलं. दारातल्या एजंटबाई ‘किया ओरा’ असा माओरी नमस्कार करून प्रत्येकाला बूट काढायला सांगत होत्या आणि बुटांचा ढीग कॉरिडॉरभर पसरला होता. “सत्यनारायणाला आल्यासारखं वाटतंय,” मोरेश्वर म्हणाले. विभावरी हसली नाही. तिने नळ सोडून पाहिले, कार्पेटचा कोपरा उचलून पाहिला, पर्समधून ओल मोजायचा मीटर काढून सहा ठिकाणी भिंतींना लावला. आकडे चांगले आले. ऊन थेट दुसऱ्या बेडरूमच्या दारापर्यंत पोचलं होतं. मोरेश्वर त्या उन्हात मोज्यांवर उभे राहिले आणि पाच मिनिटं हललेच नाहीत. खोकलेही नाहीत. शेवटच्या रकान्यात लिहायला विभावरीला काही सापडेना. ती पुन्हा स्वयंपाकघरात गेली, पुन्हा बाथरूममध्ये डोकावली, पुन्हा मीटर लावला. काहीच सापडत नाही याचीच तिला धाकधूक वाटायला लागली.

बाल्कनीत प्रसन्न आणि संपदा उभे होते. दोघंही मंडळातले, तिशीतले, मूळचे चिंचवडचे. तो इंजिनिअर, ती बँकेत.

वेलिंग्टनच्या मराठी मंडळींत घर शोधण्याची एक रीत आहे. सह्या होईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही. दृष्ट लागेल म्हणून, फिसकटलं तर चौकशा नकोत म्हणून, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याला पत्ता लागू नये म्हणून. वास्तुशांतीचा निरोप व्हॉट्सअॅपवर आला की मगच समजतं.

“अय्या, विभाताई! तू इथे?” संपदा म्हणाली.

“असंच गं. बाबांना बाहेर काढायचं होतं.”

“आम्हीपण असंच. याला भाव बघायची हौस आहे.”

“हौसच,” प्रसन्न म्हणाला. त्याच्या हातात मोजपट्टी होती. ती त्याने खिशात घातली. “नमस्कार काका. वारा सोसतोय का?”

“वाऱ्याचं काही नाही,” मोरेश्वर म्हणाले. “घर छान आहे, नाही?”

यावर तिघंही बंदराकडे बघायला लागले.

सोमवारी संपदाचा मेसेज आला. ‘ताई, टे आरोत बॉडी कॉर्पोरेटची फी साधारण किती असते गं? मैत्रिणीसाठी विचारतेय.’ विभावरीने आकडा कळवला, पुढे एक हसरा चेहरा टाकला आणि फोन पालथा ठेवला.

ऑफर गुरुवारी दुपारी चारपर्यंत द्यायच्या होत्या. मंगळवारी एजंटबाईंनी कागदपत्रं पाठवली. त्यांत बॉडी कॉर्पोरेटच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या, तीन वर्षांच्या वार्षिक सभांची मिनिट्स होती. विभावरीने भूकंपाचं रेटिंग पाहिलं, विमा पाहिला, शिल्लक पाहिली. सगळं ठीक होतं. मोरेश्वर म्हणाले, “मिनिट्स मला छापून दे. स्क्रीनवर वाचलेलं मला खरं वाटत नाही.”

ठाण्याच्या स्वानंद सोसायटीचे ते सतरा वर्षं सेक्रेटरी होते. इतिवृत्त स्वतःच्या हाताने लिहीत. इंग्रजी सावकाश वाचत, पण सावकाश वाचणाऱ्याच्या नजरेतून फारसं काही सुटत नाही.

बुधवारी विभावरी घरूनच काम करत होती. जेवायच्या वेळी मोरेश्वर कागद घेऊन समोर बसले.

“विभा, हे बघ. दोन हजार बावीस, विषय सहावा. वरच्या दोन मजल्यांच्या बाल्कन्यांच्या सांध्यांतून पाणी आत जातंय अशी तक्रार. इंजिनिअरकडून अहवाल घ्यावा. ठीक. आता तेवीस. ‘अहवाल प्राप्त झाला. समितीने नोंद घेतली.’ एक ओळ. चोवीसमध्ये विषयच नाही. लॉबीच्या कार्पेटच्या रंगावर मात्र दीड पान.”

“दुरुस्त केलं असेल.”

“केलं असतं तर खर्च दिसला असता. केलेल्या कामाचा नारळसुद्धा सेक्रेटरी लिहितो.”

“बाबा, हे ठाणे नाही. इथे खोटं लिहिलं तर अंगाशी येतं.”

“खोटं कुठे आहे? यात एक शब्द खोटा नाही. मीही कधी खोटं लिहिलं नाही.” त्यांनी चष्मा काढला. “नव्याण्णव साली आमच्या टाकीखालच्या स्लॅबचा अहवाल आला होता. वाईट होता. सातव्या मजल्यावरचे दोन फ्लॅट तेव्हा विकायला निघाले होते, मालक दोघेही कमिटीत. मी लिहिलं, अहवाल प्राप्त झाला, समितीने नोंद घेतली. पुढच्या सभेत विषय घेतलाच नाही. एक फ्लॅट हरीश धुरींनी घेतला. दीड वर्षाने छताचं प्लास्टर त्यांच्या पलंगावर पडलं. घरी कोणी नव्हतं म्हणून बरं. नंतर लिफ्टमध्ये भेटले की ते मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहायचे. बारा वर्षं.”

“त्यांनी घ्यायच्या आधी विचारलं नव्हतं?”

“नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मला ते सोयीचं पडलं.”

“मीपण विचारलं नव्हतं. मग मला का सांगितलंत?”

मोरेश्वर कागद जुळवायला लागले. जुळवून झाल्यावर म्हणाले, “घ्यायचं तर तरीही घे. त्याच इमारतीत आम्ही अजून राहतोच आहोत.”

जेवण तसंच टाकून विभावरीने एजंटबाईंना मेल केली: तो अहवाल मिळेल का? उत्तर तासाभरात आलं. अहवाल विकणाऱ्याकडे नाही, बॉडी कॉर्पोरेटच्या मॅनेजर सोमवारपर्यंत रजेवर आहेत. हवं तर ऑफरमध्ये तशी अट घाला. मात्र आणखी एक पार्टी आहे आणि त्यांची ऑफर बहुधा विनाअट असेल. शेवटी ‘चीअर्स’.

आणखी एक पार्टी कोण, हे विचारायची गरज नव्हती.

गुरुवारी सकाळी जॉन्सनव्हिलहून ट्रेनने ऑफिसला जाताना तिने फोनवर तीन ऑफर लिहिल्या. पहिली अटीसह. दुसरी विनाअट. तिसरी विनाअट, पण आकडा कमी. तिन्ही पुसल्या. अट घातली की घर त्या दोघांना जाणार. न घालता घेतलं तर घर मिळणार आणि सांध्यांतलं पाणी तिच्या नावावर होणार. आणि गप्प राहिली तर तेच पाणी त्या दोघांच्या नावावर. दहाच्या मीटिंगमध्ये कुणीतरी तिला दोनदा नावाने हाक मारली. तिला ऐकू गेली नाही. साडेअकराला ती जिन्याने खाली उतरली, लॅम्बटन की या रस्त्याने वाऱ्यात टोकापर्यंत गेली आणि कॉफी न घेताच परतली.

संपदाला फोन करून सांगायचं, एवढंच खरं तर होतं. पण कोण विश्वास ठेवेल? ऑफर बंद व्हायला चार तास, आणि समोरची स्पर्धक फोन करून सांगते की घर गळतंय. तिला स्वतःला कुणी असा फोन केला असता, तर तिने मनात कोपरापासून हात जोडले असते.

बारा वाजून दहा मिनिटांनी तिने एजंटबाईंना कळवलं की ती ऑफर देणार नाही. ‘स्वीट अ‍ॅज’, म्हणजे काही हरकत नाही, ‘कळवल्याबद्दल थँक्स’ असं उत्तर आलं. ती मेल तिने संपदाला पुढे पाठवली आणि लगेच फोन केला.

“विभाताई? हे काय पाठवलंयस?”

“टे आरोचा फ्लॅट. तुम्ही ऑफर देताय ना?”

पलीकडे फोनचं बटण दाबलं गेलं. मग प्रसन्नचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता. “म्हणजे, तसं अजून काही नक्की नाही...”

“प्रसन्न, मी बाहेर पडलेय. मेलवरची वेळ बघ. आता मिनिट्स काढ. बावीस साल, विषय सहा, आणि मग तेवीसमधली त्यावरची ओळ.”

“वकिलाने बघितलीत ताई. काही इश्यू नाही म्हणाला.”

“अहवाल बघितला त्याने?”

“कुठला अहवाल?”

तिने सांगितलं. बाबांचं म्हणणं सांगितलं, नारळासकट. स्वानंद सोसायटीचं सांगितलं नाही.

“एक मिनिट,” प्रसन्न म्हणाला. पानं उलटल्याचा आवाज आला. दोघं आपसात हळू काहीतरी बोलले. मग तो म्हणाला, “ताई, राग मानू नकोस. पण आम्ही मागे हटलो आणि तू सोमवारी परत गेलीस, असं तर नाही ना?”

“अरे काय बोलतोयस!” संपदा म्हणाली.

“विचारू दे त्याला,” विभावरी म्हणाली. “नाही. मी जाणार नाही.”

“म्हणजे आता आम्ही एकटेच?”

आवाजातला फरक तिला फोनवरूनही कळला. आधीची भीती गेली होती आणि तिच्या जागी काहीतरी हुशार, जागं असं आलं होतं.

“बहुतेक,” ती म्हणाली.

“मग अट घालता येईल.”

“घालता येईल.”

“आणि आकडाही...”

“प्रसन्न!” संपदा म्हणाली. “ताई, थँक्यू हं. अगदी मनापासून.”

विभावरीने फोन ठेवला आणि ती ऑफिसचा जिना चढायला लागली. एकट्या गिऱ्हाइकाला अट परवडते, हे तिला अर्ध्या तासापूर्वीही माहीत होतं. फक्त त्या दोन गिऱ्हाइकांपैकी एकाने दुसऱ्याला रविवारी बाल्कनीतच खरं सांगितलं असतं, तर कोणी थांबायचं आणि कोणी घ्यायचं, हे चहावर ठरवता आलं असतं. कदाचित तिनेच घेतलं असतं. तिला नव्वद दिवसांची नोटीस होती, त्यांना नव्हती.

दोन आठवड्यांनी संपदाचा फोन आला. अहवाल मिळाला होता. सांधे खराब होतेच, पण प्रसन्नच्या मते आवाक्यातले. दुरुस्तीचा वाटा विकणाऱ्याने किमतीतून कमी केला. पुढच्या शुक्रवारी सह्या. “तुझ्यामुळे गं ताई. काकांनापण सांग.”

मोरेश्वर सोफ्यावर होते. विभावरीने सांगितलं.

“अहवाल दिला त्यांनी?”

“हो. अट घातल्यावर दिला.”

“म्हणजे मागितला की मिळतो,” मोरेश्वर म्हणाले. हातातला पेला त्यांनी खाली ठेवला. मग उठून आत गेले आणि त्यांनी ठाण्याला कुणाला तरी फोन लावला. दार लोटलेलं होतं. हरीश धुरींचा नंबर अजून तोच आहे का, असं ते विचारत होते, एवढंच तिला ऐकू आलं.

तिने कॅलेंडर उघडलं. घर सोडायला पंचावन्न दिवस होते, बँकेची मुदत संपायला सत्तावीस. न्यूलँड्समध्ये एक टाउनहाउस होतं, तिच्या यादीत पहिल्या क्रमांकावर. गेल्या रविवारी तिथून मंडळातले सुशील बाहेर पडताना तिला दिसले होते. तिला पाहून त्यांनी गाडीच्या टायरला लाथ मारून हवा तपासल्यासारखं केलं होतं.

तिने त्यांना फोन लावला.

“सुशीलजी, विभावरी बोलतेय. न्यूलँड्सचं ते घर तुम्ही घेताय का?”

“कुठलं? नाही हो, आम्ही काय, असंच आपलं...”

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

“म्हणजे, हो,” सुशील म्हणाले. “बुधवारी ऑफर देतोय. मुलीची शाळा जवळ पडते. का हो?”

“मग मी नाही देत. तुम्ही बघून सोडून दिलेलं दुसरं काही आहे का? माझ्यापुरतं चालण्यासारखं?”

सुशीलना सुरुवातीला जड गेलं. मग ते बोलायला लागले ते थांबेनात. पेटोनीतलं एक बायकोला रस्त्याच्या आवाजामुळे नको होतं. टावामधलं एक दोनच बेडरूमचं म्हणून त्यांनी सोडलं होतं, नाहीतर चांगलं होतं, बॉडी कॉर्पोरेटही नव्हती. विभावरीने दोन्ही पत्ते लिहून घेतले आणि टावाचं रविवारी किती वाजता उघडतं ते विचारलं.