स्पेनचं घर पाहायला गांधीबागेत

पहिला होकार आला तेव्हा मी नागपूरहून गावी जाणाऱ्या एसटीत होते. काटोलच्या पुढे रेंज आली, मेल उघडला आणि मी सीटवरून उठून उभी राहिले. का, ते मला आजही सांगता येणार नाही. कंडक्टरला वाटलं मला उतरायचंय. त्याने घंटी मारली, गाडी थांबली. भरल्या बसमध्ये 'मला अमेरिकेत पीएचडी मिळालीय, उतरायचं नाहीये' हे कोणत्या तोंडाने सांगणार? मी मुकाट्याने उतरले. पुढचा तासभर संत्र्याच्या बगिच्यांमधून बॅग सावरत चालले आणि एकटीच हसत सुटले. एका मोटरसायकलवाल्याने गाडी हळू करून विचारलं, "तब्येत बरी नाही का ताई?" मी म्हटलं, "लय बरी आहे." तो जरा घाईनेच निघून गेला.

चार दिवसांनी स्पेनमधून दुसरा होकार आला, फेलोशिपसकट. या वेळी मी आधीपासून जमिनीवरच बसले होते.

मी नागपूरला एमएस्सी केलं ते संत्र्याच्या डिंक्या रोगावर. खोडातून डिंक गळतो, मुळं सडतात आणि उभं झाड वाळतं. नरखेड तालुक्यात वाढलेल्या पोरीला हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही. त्यावरच पुढे शिकायचं म्हणून वर्षभर मी अर्जांवर अर्ज करत होते. 'मला हे का शिकायचंय' हे दोन पानांत लिहायचं असतं, ते मी इतक्यांदा लिहिलं की शेवटी मलाच शंका यायला लागली, खरंच का शिकायचंय बुवा. आणि आता एकदम दोन दारं उघडली होती, एकातच जायचं होतं आणि उत्तर द्यायला नऊ दिवस होते.

सगळ्यांचं मत अमेरिका. माझे नागपूरचे गाइड म्हणाले, "नाव पाहा, नाव. त्या नावाने पुढची सगळी दारं उघडतात." मैत्रिणी म्हणाल्या, यात विचार काय करतेस? मी कॉम्प्युटरवर एक मोठा तक्ता केला. क्रमवारी, प्राध्यापकांचे शोधनिबंध, शहर, हवामान, नोकरीची शक्यता. प्रत्येकाला गुण दिले. अमेरिका घसघशीत पुढे होती. तरी मी रोज एखादा नवा रकाना वाढवून स्पेनला वर आणायचा प्रयत्न करत होते, आणि तसं करतेय हे स्वतःशीही कबूल करत नव्हते.

बाबांनी तो तक्ता चष्मा लावून सावकाश वाचला. बाबांचा संत्र्याचा बगिचा आहे आणि कुठलाही कागद ते खतांच्या पोत्यावरच्या सूचना वाचाव्या तसे वाचतात.

"याच्यात झाडं कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

"झाडांचा रकाना नसतो बाबा."

"मंग घर पाहा लागते," ते म्हणाले.

आमच्याकडे मुलीचं स्थळ जुळत आलं की मुलीकडची मंडळी घर पाहायला जातात. मुलगा कितीही शिकलेला असो, विहिरीला पाणी किती, घरात माणसं किती, एकमेकांशी बोलतात कशी, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शब्द दिला जात नाही. बाबा आयुष्यात अशी वीसेक घरं पाहून आलेत. त्यांचं म्हणणं साधं होतं, पोरगी चार-पाच वर्षांसाठी चालली, मग घर नको पाहायला?

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाबांच्या मनातून होकार आल्याशिवाय माझा पाय निघणार नव्हता, हेही मला ठाऊक होतं. दोन्ही प्राध्यापकांना मेल लिहिला: माझ्या कुटुंबाला व्हिडिओ कॉलवर तुमची जागा पाहायची आहे. पाठवला आणि लॅपटॉप बंद करून त्याच्यावर उशी ठेवली. दोघांचंही उत्तर आलं, अवश्य.

गावात नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून बैठक ठरली मामांच्या दुकानात. मामांचं गांधीबागेत कापडाचं ठोक दुकान आहे. गादीवर पांढरी चादर, मागे छतापर्यंत साड्यांचे गठ्ठे आणि पुढे आम्ही चौघं ओळीने. आईने ठेवणीतली साडी नेसली होती आणि लॅपटॉपसमोर संत्रा बर्फीचा डबा उघडून ठेवला होता.

"खायला त्यांनी द्या लागते ना वं," मामा म्हणाले. "आपण घर पाहून राहिलो."

"त्यांना कुठं पोचते? तुम्ही खा," आई म्हणाली.

पहिल्या संध्याकाळी अमेरिका. प्राध्यापक सज्जन होते, नीट तयारीने बसले होते. बाबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "पाणी कुठून येते?" मी भाषांतर करताना ओठ चावून धरले. प्राध्यापकांनीही गंभीरपणे सांगितलं, तळ्यातून. बाबा म्हणाले, झाडं दाखवा. ते हसले, म्हणाले आमच्याकडे झाडं नाहीत, रोगट मुळांचे नमुने पार्सलने येतात, आम्ही त्यांचा कॉम्प्युटरवर अभ्यास करतो. त्यांनी कॅमेरा खिडकीकडे वळवला. बाहेर बर्फ होता. आईने पदर आवळून घेत विचारलं, "पोरीले बरं नसलं तं कोण पाहते?" यावर ते म्हणाले, विद्यापीठाचा दवाखाना उत्तम आहे. मामांना ते फार पटलं.

दुसऱ्या दुपारी स्पेन. या प्राध्यापिका फोन हातात घेऊन चालतच बोलत होत्या. त्यांनी आधी आमच्या मागचे गठ्ठेच पाहायला मागितले. मामांनी तत्काळ चार साड्या उलगडल्या आणि आपण इथं कशाला बसलोय हे सगळे दहा मिनिटं विसरलो. मग त्या काचघरात शिरल्या. कुंड्यांमध्ये कलमांच्या ओळीच्या ओळी. बाबा लॅपटॉपकडे सरकत गेले, इतके की पलीकडे फक्त त्यांचं कपाळ दिसत असणार.

"थांब म्हणा त्यांना," ते म्हणाले. "ते कोपऱ्यातलं. पिवळं पडून राहिलं ते. त्याले पाणी जास्त होऊन राहिलं."

मी सांगितलं. बाई थबकल्या, मागे वळल्या, कुंडीत बोट खुपसलं. बोट चिखलाने भरलेलं बाहेर आलं. त्या कुंडीची पाण्याची नळी अडकून सतत गळत होती. त्यांनी तिथल्या तिथे एका विद्यार्थिनीला हाक मारली, दोघींनी मिळून नळी काढली. मग त्या बाबांना विचारायला लागल्या, तुम्ही कलम कशावर बांधता, बहार यावा म्हणून पाणी किती दिवस तोडता. बाबा सांगत होते, मी भाषांतर करत होते आणि मध्येच माझे स्वतःचे प्रश्न सुरू झाले. मुळांवर हा रोग मुद्दाम सोडून पाहता का, किती दिवसांत दिसतो, कोणतं कलम टिकतं. किती वेळ गेला कळलं नाही.

"आम्हाले पण सांग वं काही," आई म्हणाली.

"आता ते काय सांगते," मामा म्हणाले आणि त्यांनी बर्फीचा डबा स्वतःकडे ओढला.

शेवटी बाबांनी आजारपणाचा प्रश्न विचारलाच. बाई जरा विचार करून म्हणाल्या, माझा पाय मोडला होता तेव्हा याच मुलीने मला दोन महिने गाडीतून ने-आण केली, त्यामुळे बहुतेक हीच पाहील. ती मुलगी मागून चिखलाचा हात हलवत होती.

कॉल संपला. मामांनी विचारलं, "मंग? कोणतं घर?"

"ते तिचं ती पाहीन," बाबा म्हणाले.

मला संतापच आला. दोन प्राध्यापकांपुढे माझी वरात काढली, विहिरीचं पाणी विचारलं, आणि आता हे. "मग पाहायचंच काहून होतं?"

बाबा चष्मा पुसत होते. "घर पाहायला जातो ते नाही म्हणायसाठी नाही जात बाई. तू गेल्यावर मले याद येईन. तवा तू कुठं उभी आहे, ते डोयापुढं नको? दोन्ही जागी तुले उभी करून पाहिलं मी. दोन्हीकडं दिसली. आता तू जाय कुठं जायचं तिकडं."

मी तिथेच साड्यांच्या ढिगाऱ्यात तोंड खुपसून रडले आणि रडता रडता हसू यायला लागलं, कारण मामा खालची महागडी साडी हळूच ओढून घेत होते. संध्याकाळी स्पेनला होकार कळवला. तक्ता मी पुन्हा उघडला नाही. गाइड दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले आणि तिसऱ्या दिवशी व्हिसाची चौकशी करायला लागले.

इथे स्पेनला येऊन चौथ्या दिवशी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. ते बगिच्यातूनच बोलत होते.

"त्या पिवळ्या झाडापाशी जाय."

मी काचघराच्या कोपऱ्यात गेले. झाडाला वर नवी पालवी होती, खालची पानं गळून गेली होती. मी फोन समोरच्या कुंडीवर टेकवला आणि झाडाशेजारी उभी राहिले. बाबा काहीच बोलेनात. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"बाबा?"

"राहा जराशी," ते म्हणाले. "पाहून राहिलो."