माळवदाखालचे कम्प्युटर

परवान्यांची बंधनं सैल झाली आणि आमच्या भागात खाजगी डेअऱ्या निघाल्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. बीडमधल्या अशाच एका डेअरीच्या ऑफिसात मी कम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. वय तेवीस, हातात डिप्लोमा, आणि अख्ख्या ऑफिसात बाई मी एकटीच. पाली, नेकनूर, पाटोदा अशा गावांतून डेअरीची दूध संकलन केंद्रं होती. तिथून रोज चिठ्ठ्या यायच्या. कुणाचं दूध किती, फॅट किती, दुधाचा दाटपणा सांगणारी डिग्री किती. त्या मी कम्प्युटरमध्ये भरायच्या आणि संध्याकाळी प्रत्येक केंद्राची यादी छापायची.

तीन कम्प्युटर आणि एक प्रिंटर, एवढ्यासाठी मालकांनी रस्त्याच्या बाजूला काचेची खोली करून घेतली होती. आत एसी. चपला बाहेर काढल्याशिवाय प्रवेश नाही. पाहुणा आला की मालक आधी त्याला ती खोली दाखवत आणि मग चहा सांगत. मलाही त्या खोलीचा अभिमान होता. मी मे महिन्यात स्वेटर घेऊन कामाला जाते, हे माझी आई गल्लीत ज्याला त्याला सांगायची.

लाईट मात्र दिवसातून पाच-सहा तास नसायची. तेवढा वेळ मागच्या बाजूचा जनरेटर धडधडायचा. तो चालवायला एक मामा होते. पालीचे, पन्नाशी उलटलेले, पूर्वी वायरमनचं काम केलेले. सगळे त्यांना मामाच म्हणत. बोलायचे कमी, खोकायचे जास्त. शर्टाला कायम डिझेलचा वास. काचेच्या खोलीत ते कधी आले नव्हते आणि मीही जनरेटरकडे कधी गेले नव्हते. लाईट गेली की दोन मिनिटांत एसी परत सुरू व्हायचा, एवढंच मला माहीत.

एका दुपारी मागच्या घरातल्या काकू ऑफिसात आल्या. त्यांचं किराणा दुकान होतं आणि लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली होती. पदराखालून त्यांनी डिंकाच्या लाडवांची वाटी काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि मग अडखळत म्हणाल्या,

"ताई, एक इचारू का? ते मशीन दुपारचं घटकाभर बंद ठिवता यील का?"

"का हो काकू?"

"लेकरू बारा दिसाचं हाय. डोळा लागला की मशीन सुरू होतंय. दार लावावं तर लई उकडतंय, उघडावं तर धूर येतोय."

भांडायला आल्या असत्या तर मी त्यांना मालकांकडे पाठवलं असतं. त्या लाडू घेऊन आल्या होत्या, म्हणून मी उठून त्यांच्यामागे गेले.

जनरेटरच्या धुराचं नळकांडं सरळ त्यांच्या अंगणाकडे तोंड करून होतं. समोरची भिंत काळी पडली होती. दोरीवर वाळत घातलेल्या दुपट्यांवर काळे ठिपके. आत अंधाऱ्या खोलीत लेक बाजेवर बसली होती आणि मांडीवर बाळ. तिनं पदराचं टोक ओलं करून बाळाचं नाक अलगद पुसलं. टोक काळं झालं. तिनं ते मला दाखवलं नाही, तिच्या दृष्टीनं ते रोजचंच होतं. मीच पाहिलं. माझ्या अंगात तेव्हा स्वेटर होता. तो काढून हातात कसा लपवावा ते मला कळेना.

परत येताना मी जनरेटरपाशी थांबले. मामा पोत्यावर बसले होते.

"मामा, हा थोडा कमी चालवता नाही येणार?"

त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. "आता इचारलं व्हय कुणीतरी," म्हणाले. "चला, मोजून दावतो."

त्यांच्या पिशवीत टाँग टेस्टर होता, वायरीला चिमट्यासारखा लावला की किती करंट जातोय ते दाखवणारा. चपला काढून, पाय पायपुसण्यावर दोनदा घासून ते पहिल्यांदा काचेच्या खोलीत आले. तिन्ही कम्प्युटर चालू ठेवून त्यांनी वायरीला चिमटा लावला. काटा जरासा हलला. मग एसीच्या वायरीला लावला. काटा जो उठला तो थेट पलीकडे.

"बघा ताई. तुमच्या कम्प्युटरांची भूक एवढुशी. एसी न्हाई लावला तर दुपारभर बॅटरीवर निघतील ते. ह्यो जनरेटर चालतोय ह्या थंडाव्यासाठी."

मी त्याच संध्याकाळी मालकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. कम्प्युटर बसवून देणाऱ्या औरंगाबादच्या इंजिनिअरनं एसी पाहिजेच असं सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. पश्चिमेचं ऊन घेणारी काचेची खोली, एसी बंद केला तर दुपारी तिथे माणूसच बसू शकला नसता.

"मग खोली बदलू," मामा दुसऱ्या दिवशी म्हणाले.

ऑफिसच्या मागच्या अंगाला जुन्या बांधकामाची एक खोली होती. जाड दगडी भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. रिकामे कॅन ठेवायला वापरत. मामांनी दुधाचा तापमापक तिथे खिळ्याला टांगला आणि आठवडाभर रोज दुपारी मला बोलावून पारा दाखवला. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत हात लावला तर भिंत गार लागत होती. माळवदातून माती पडते, ही एकच अडचण. त्यासाठी खालून मांजरपाटाच्या कापडाचं छत बांधायचं ठरलं. मी मालकांना आत नेऊन उभं केलं. पाच मिनिटं ते भिंतींना हात लावत फिरले. मग रुमालानं मान पुसायला गेले, तर मान कोरडीच होती.

"महिनाभर बघू," म्हणाले. "काही झालं तर जबाबदारी तुमची, ताई."

झालं ते माझ्या घाईनंच झालं. छत तीन बाजूंनी बांधून झालं होतं, चौथी बाजू मामा सोमवारी बांधणार होते. मी शनिवारीच कम्प्युटर आणि त्यांच्यासाठी घेतलेल्या बॅटऱ्या तिथे हलवल्या आणि फ्लॉपींचा डबा उघडाच टेबलावर ठेवून घरी गेले. रविवारी वर कुणीतरी मिरच्या वाळत घालायला चढलं असावं. सोमवारी येऊन पाहते तर डब्यात माती. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की करकर आवाज यायचा. पूर्ण आठवड्याचं काम त्यात होतं आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं.

मी रडत मालकांसमोर उभी राहिले. आता काचेच्या खोलीत परत जावं लागणार, काकूंना काय तोंड दाखवू, हेच डोक्यात होतं. मालकांनी विचारलं,

"चिठ्ठ्या आहेत का?"

"आहेत."

"मग बसा भरायला. रडायला नंतर बसा."

दोन दिवस लागले. जनरेटर बंद असला की मामा स्टूल ओढून माझ्याशेजारी बसत आणि चिठ्ठ्या वाचत. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. "साडेचार लिटर, फॅट सहा, डिग्री अठ्ठावीस." माझी बोटं थांबली की तेही थांबत. एकदा मी फारच दमले तेव्हा म्हणाले, "पाणी प्या ताई. चिठ्ठ्या काय पळून जात न्हाईत." आणि स्वतःच उठून माठातलं पाणी आणून दिलं.

वाचता वाचता त्यांनीच विचारलं, "ह्या याद्या तीन-तीन कॉप्या कावून काढता?"

आधीपासून निघत होत्या म्हणून निघत होत्या. पुढच्या आठवड्यात मी एस.टी.नं नेकनूरला गेले. केंद्रावरच्या माणसानं कोपऱ्यातला ढीग दाखवला. याद्यांच्या कोऱ्या बाजूवर त्याच्या मुली गणितं सोडवत होत्या, उरलेल्या कागदात पलीकडचा हॉटेलवाला भजी बांधत होता. "आमी शेवटचं पान बघतो फक्त," तो म्हणाला. पाटोद्यातही तेच. त्यानंतर मी प्रत्येक केंद्राला एकच प्रत आणि तीही शेवटच्या पानाचीच पाठवू लागले. कागदाची जी खोकी महिन्यात संपायची, ती तिमाही ओलांडून पुरू लागली.

महिना संपला, कम्प्युटर माळवदाखालीच राहिले. एका दुपारी मालक तिथे बसल्या बसल्या झोपून गेले, त्यानंतर त्यांनी एसीचा विषय काढला नाही. जनरेटर आता आवारातल्या दुधाच्या पंपापुरता, दिवसातून तासभर चालायचा. मामांनी धुराचं नळकांडं वळवून वर आभाळाकडे नेलं. काकूंनी भिंतीला चुना लावला. लेकीनं मला आत बोलावून बाळ माझ्या हातात दिलं. ते झोपलेलंच होतं. उठेल या भीतीनं मी श्वाससुद्धा हळू घेत होते आणि काकू दारात उभ्या राहून हसत होत्या.

आणि मग एके दिवशी मालक सहज म्हणाले, "जनरेटर तासभरच चालतो, तर आता त्याला वेगळा माणूस कशाला? शिपाईसुद्धा चालू करील."

हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी तशीच मामांकडे गेले. ते नटबोल्ट पुसून डब्यात भरत होते.

"मामा, तुम्हाला हे माहीत होतं?"

"व्हतं की."

"कधीपासून?"

"टाँग टेस्टर लावला त्या दिशीपासून."

"मग का केलंत?"

त्यांनी बोल्ट फडक्यात गुंडाळला. "तुमी त्या दिशी एकदा बघितलं लेकराला, ताई. मी रोज बघत हुतो. चालू करायचा खटका माझ्याच हातात हाय न्हवं? मशीन सुरू करताना त्याचा रडका आवाज कानाला यायचा. रात्री जेवण गोड लागायचं न्हाई."

माझ्या डोळ्यांत पाणी पाहून तेच घाबरले. "अवो, गावाकडं आपली शेती हाय थोडी. कायतरी करू," म्हणाले.

मालकांशी मी आयुष्यात पहिल्यांदा वरच्या आवाजात बोलले. मोजलं मामांनी, खोली शोधली मामांनी, छत बांधलं मामांनी, आणि घरी बसायचं तेही मामांनीच का, असं विचारलं. पाटोद्याच्या केंद्रावर दूध थंड करायची मशिनं आहेत, नेकनूरला आहेत, तिथली वायरिंग कुणी कधी तपासली आहे का, हेही विचारलं. मालकांनी मामांना आत बोलावलं आणि म्हणाले, "सगळ्या केंद्रांवर जाऊन बघा. कुठं काय वाया जातंय, लिहून आणा."

पहिल्या दिवशी पाटोद्याला मी त्यांच्याबरोबर गेले. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि जीपमध्ये पुढं बसायला तयार नव्हते. केंद्रावर पोचल्यावर मात्र कुणालाही न विचारता ते थंड खोलीच्या दारापाशी गेले, दाराच्या रबरावरून बोट फिरवलं. खालून रबर फाटलं होतं. आतला गारवा सगळा बाहेर जात होता आणि मशीन दिवसभर थांबत नव्हतं. केंद्रावरचा माणूस धावत चहा घेऊन आला. "घ्या साहेब." मामांनी मागे वळून पाहिलं, कोण साहेब आले म्हणून.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला हळूच विचारलं, "ताई, लिहून आणा म्हणाले. म्हंजी कसं लिहायचं असतंय?"

मी वही काढली. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. दार, रबर, एक सैल वायर, विनाकारण जळणारे दोन बल्ब. खाली सही करा म्हटल्यावर त्यांनी वही गुडघ्यावर घेतली. ड्रायव्हरला जीप जरा हळू घ्यायला सांगितली आणि एकेक अक्षर जोडत पूर्ण नाव लिहिलं. आडनाव ओळीत मावलं नाही, ते खालच्या ओळीवर नेलं.