साहेबांच्या नावाने लिहिलेली माझी शिफारस

आमची कंपनी बंद पडली नाही, हलली. वागळे इस्टेटमधल्या ज्या प्लॉटवर आमचा गाळा होता तिथे टॉवर उभा राहणार होता. साहेबांनी मशिनं उचलली आणि वापीला नेली. "मॅडम, येणार असाल तर राहायची सोय करतो," असं ते मला म्हणाले. मी येणार नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच ते तसं म्हणाले. मीही त्याच कारणाने "बघते" म्हटलं. पन्नाशीला टेकलेली बाई डोंबिवलीतलं घर, नवरा आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली मुलगी सोडून वापीला रबराच्या वॉशरची पाठवणी बघायला जाते, असं कुठे होत नाही.

नवऱ्याची नोकरी होती, घर चालत होतं. प्रश्न तो नव्हता. प्रश्न माझ्या दिवसाचा होता. नोकरी सुटल्याची बातमी कळव्याला पोचली आणि त्याच आठवड्यात मोठ्या जाऊबाईंचा फोन आला.

"अगं, आता तू घरीच असतेस ना? मग दिवाळीनंतर आईंना तुझ्याकडे ठेवू या. माझे गुडघे गेलेत गं."

त्यात खोटं काही नव्हतं. सासूबाई इतकी वर्षं तिच्याकडेच होत्या. त्यांना आता उठवावं लागे, बसवावं लागे, एकटं सोडता येत नसे. त्या माझ्याकडे यायला माझी ना नव्हती. पण 'घरीच असतेस' हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. एकदा का माझा दिवस मोकळा आहे असं सगळ्यांनी धरलं, की तो परत माझ्या हाती येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या माहितीतल्या तीन बायका अशाच घरी बसल्या, त्या बसल्याच. म्हणजे दिवाळीच्या आत नोकरी मिळायला हवी होती.

पहिली नोकरी मला शेजारच्या काकांच्या ओळखीने लागली होती. तेव्हा मी एक बायोडेटा टाइप करून घेतला होता. तोच काढला आणि मुलीला दाखवला. ती हसत सुटली.

"आई, यात वडिलांचं नाव, उंची आणि मूळ गाव आहे. नोकरी करायचीय की लग्न?"

मग तिने मला नोकरीच्या साइटवर बसवलं. तिथे आधी आपला कागद चढवायचा, आणि कागदात जे आहे तेच पुन्हा एकेका चौकोनात भरायचं. माझं पद त्यांच्या यादीत नव्हतं. मी खरेदी बघायचे, स्टोअर बघायचे, पाठवणी बघायचे, साहेबांची पत्रं लिहायचे आणि पाण्याचा टँकर आला नाही तर त्यालाही फोन करायचे. यादीतलं 'ॲडमिन' त्यातल्या त्यात जवळचं वाटलं, ते निवडलं. त्यानंतर रोज सकाळी साइट मला 'खास तुमच्यासाठी' म्हणून कामं पाठवू लागली. कल्याणला ब्युटी पार्लरमध्ये मदतनीस. भिवंडीला फोर्कलिफ्ट चालक. मी जिथे जिथे अर्ज केला तिथून एकतर उत्तर आलं नाही, नाहीतर आभार आले. आभाराचं पत्र इतकं गोड असायचं की नकार शोधायला ते दोनदा वाचावं लागे.

एका ठिकाणी तर मुलाखतीला समोर माणूसच नव्हता. मोबाइलच्या पडद्यावर प्रश्न उमटणार, वर घड्याळ उलटं पळणार आणि मी कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं. 'तुमच्या सर्वांत मोठ्या यशाबद्दल सांगा.' मी आठवत राहिले आणि घड्याळ संपलं. आमच्या कामात यश म्हणजे काही न होणं. माल वेळेवर गेला तर कोणी फोन करत नाही. नाही गेला तर सगळे करतात. इतकी वर्षं कोणाचा फोन आला नाही, हे पडद्याला कसं सांगणार?

मुलीचं म्हणणं पडलं की अर्ज करून भागत नाही, दिसावं लागतं. नोकरदार लोकांची एक वेगळी साइट असते, तिथे आपण काय काय केलं ते लिहायचं.

"लाज काय त्यात? सगळे लिहितात. माझ्या मैत्रिणीने दोन दिवसांच्या वर्कशॉपवर केवढं लिहिलंय."

मी लिहायला बसले. मला जमेना. लिहिलेलं खोडायचं, पुन्हा लिहायचं. शेवटी जे झालं ते मुलीने वाचलं.

"कंपनीने हे केलं, कंपनीने ते केलं. आई, नोकरी कंपनीला हवीय का?"

तिच्यापुढे बसूनच मग मी स्टिकरची गोष्ट लिहिली. रबराचा माल पडून राहिला की कडक होतो. आमच्याकडे नवीन खोकी पुढे लागायची, जुनी मागे सरकायची आणि कधीतरी तीच निघून गिऱ्हाइकाकडे जायची. माल परत यायचा. मी दर तिमाहीला एक रंग ठरवला आणि प्रत्येक खोक्यावर त्या रंगाचा गोल स्टिकर चिकटवायला लावला. लाल संपल्याशिवाय पिवळ्याला हात लावायचा नाही. माल उचलणाऱ्या पोरांना चिठ्ठी वाचावी लागेना, लांबून रंग दिसायचा. माल परत येणं थांबलं. पुढे मोठ्या गिऱ्हाइकाने तपासणी केली तेव्हा त्यांना ही पद्धत आवडली आणि कंपनीला प्रमाणपत्र मिळालं. हे सगळं मी इंग्रजीत लिहिलं. ही पद्धत मी सुरू केली, असं पहिल्याच ओळीत लिहिलं.

आणि तिथेच एक घोळ झाला. साइटने विचारलं, तुमच्या फोनमधल्या लोकांना बोलवू का? मी हो दाबलं. मला वाटलं, फोनमधले लोक म्हणजे कामाचे लोक. माझ्या फोनमध्ये गॅसवाला होता, ब्लाउज शिवणारी होती, सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि दोन्हीकडचे झाडून सगळे नातेवाईक होते. सगळ्यांना माझ्या नावाने आमंत्रण गेलं. दुसऱ्या दिवशी माझ्या लिखाणाखाली अभिनंदनांची रांग लागली.

'प्रमोशन झालं वाटतं! पेढे कधी?'

'घराण्याचं नाव काढलंस.'

नाशिकच्या मामांनी लिहिलं होतं, 'छान. मुलीसाठी स्थळ बघताय का? एक चांगलं आहे.'

मुलगी डोक्याला हात लावून बसली. "आई, हे सगळं कंपनीवाले वाचतात गं!"

जाऊबाईंचाही फोन आलाच. "काय गं, फोटो टाकलायस, मोठं मोठं इंग्रजी लिहिलंयस. घरी बसून बरा वेळ जातोय तुझा."

"नोकरी शोधतेय, ताई."

"या वयात? शोध बाई. पण दिवाळीचं लक्षात आहे ना?"

आमंत्रण साहेबांनाही गेलं होतं. त्यांचा फोन दुपारी आला. आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"मॅडम, ते तुमचं वाचलं. सूनबाईने दाखवलं."

"हो का, साहेब."

"चांगलं लिहिलंय. पण त्यात आपल्या कंपनीचं नाव आहे, आणि केलं ते सगळं तुम्ही केलं असं दिसतंय."

"सगळं नाही, साहेब. स्टिकरचं लिहिलंय."

"प्रमाणपत्र कंपनीला मिळालं होतं."

"नोकरी कंपनीला नकोय, साहेब. मला हवीय."

मुलीचं वाक्य आयतं तोंडात आलं. एरवी साहेबांशी मी असं बोलले नसते. मग ते म्हणाले, "काढून टाका असं म्हणत नाही मी. पण माझ्या ओळखीचे लोक वाचतात. ते विचारतील, मग तू काय करत होतास?"

मला त्यांचा राग आला नाही. गाळ्यांमधल्या छोट्या कंपन्यांत असंच असतं. जे होतं ते साहेबांच्या नावाने होतं. पत्र कोणीही लिहो, खाली सही एकच. साहेबांना ते खोटं वाटत नाही आणि लिहिणाऱ्यालाही वाटत नाही. त्यांची दिवाळीची शुभेच्छापत्रं, बँकेला लिहिलेली पत्रं, गिऱ्हाइकांच्या घरी कोणी गेलं तर सांत्वनाचं पत्र, उद्योजकांच्या सभेतलं भाषण, सगळं मी लिहिलेलं. त्यांचं इंग्रजी म्हणजे माझंच इंग्रजी. पण मला पुढची नोकरी द्यायची तर कोणीही आधी त्यांनाच फोन लावणार होतं. त्यांना दुखावून मला चालणार नव्हतं.

"साहेब, ऑर्डरी तुम्ही आणल्या, धंदा तुमचा. ते कोण नाही म्हणतंय? तुम्हीच माझ्याबद्दल चार ओळी लिहा ना. तिथे शिफारशीला जागा असते. म्हणजे लोकांनाही कळेल की तुम्हाला हे मान्य आहे."

"मी लिहू? काय लिहू?" ते गडबडले. आणि मग, इतकी वर्षं म्हणत आले तसंच म्हणाले, "असं करा मॅडम, तुम्हीच ड्राफ्ट करून पाठवा. मी बघतो."

आणि मीही इतकी वर्षं म्हणत आले तसंच म्हटलं, "संध्याकाळपर्यंत पाठवते, साहेब."

फोन ठेवल्यावर मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "तुझी शिफारस तूच लिहिणार?"

"त्यांची सगळी पत्रं मीच लिहिते. हे काय वेगळं?"

स्वतःबद्दल लिहिताना माझे दिवसच्या दिवस गेले होते. साहेबांच्या आवाजात लिहायला लागले आणि बटाटे उकडेपर्यंत काम झालं. त्या आवाजात मला काही अडत नाही. 'यांच्यासारखी जबाबदार व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही,' असं साहेबांच्या तोंडून मी न चाचरता लिहिलं. स्टिकरच्या ओळीत सवयीने 'माझ्या मार्गदर्शनाखाली' घातलं, म्हणजे त्यांचाही मान राहील.

दोन दिवसांनी शिफारस साइटवर आली. साहेबांनी सगळं तसंच ठेवलं होतं. फक्त 'माझ्या मार्गदर्शनाखाली' काढून तिथे 'माझा विरोध असताना' असं घातलं होतं.

ते खरं होतं. स्टिकर बघून ते भर गोदामात म्हणाले होते, "हा काय बालवाडीचा वर्ग आहे का?" त्यांना ते आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी फोन करून आभार मानले. ते म्हणाले, "बरोबर आहे ना इंग्रजी?" मी म्हटलं, बरोबर आहे.

त्यानंतरही पटकन काही झालं नाही. बाळकुमच्या एका ऑफिसात गेले. तिथे मला तासभर बसवलं आणि जागा भरली असं सांगितलं. एका एजंटने फोनवर आधी पैसे भरायला सांगितले, मी फोन कापला. पाय दुखायचे त्यापेक्षा तोंड जास्त दुखायचं. तेच तेच, प्रत्येकाला पहिल्यापासून, हसून सांगायचं. दसरा उलटला. कळव्याहून सासूबाईंच्या पलंगाची मापं आली.

मग डोंबिवलीच्या एमआयडीसीतून बोलावणं आलं. बाटल्यांची झाकणं बनवणारी कंपनी, काम स्टोअर आणि पाठवणीचं. मुलाखत घेणारी बाई पस्तिशीची असेल. तिने लॅपटॉपवर माझं पान उघडलं होतं. खालच्या अभिनंदनांसकट. स्थळाची ओळ तिने वाचली असावी, कारण ती ओठ दाबून बसली होती. पण तिने त्याबद्दल काही विचारलं नाही. तिने शिफारस दोनदा वाचली.

"मॅडम, एक विचारू? तुमचं लिखाण आणि ही शिफारस, दोन्हींची भाषा एकच वाटतेय."

नाही म्हणता आलं असतं. पण पुढे याच बाईला रोज रिपोर्ट लिहून द्यायचे होते, ती भाषा ओळखणारच होती.

"मीच लिहिलीय. त्यांची सगळी पत्रं मीच लिहायचे. त्यांनी वाचली, एक दुरुस्ती केली आणि टाकली."

"कोणती दुरुस्ती?"

"'माझा विरोध असताना' हे शब्द त्यांचे."

तेव्हा ती मोकळेपणी हसली. "विरोध होता, मग केलंत कसं?"

"साहेब आठवडाभर गावी गेले होते."

"आणि परत आल्यावर?"

"ओरडले. पण तोवर सगळी खोकी रंगली होती. स्टिकर काढायला लावायचे तर माणसं कामावरून उठवावी लागली असती."

मग तिने मला गोदामात नेलं. झाकणांची पोती छतापर्यंत गेली होती, आत जायला वाट नव्हती. "कुठे चुकतंय ते आम्हाला माहितीये," ती म्हणाली. "लिहूनही ठेवलंय. रोज मागे लागणारं माणूस नाहीये. लागाल?" मी म्हटलं, तेच करत आलेय. सहा महिन्यांचं कंत्राट, पद असिस्टंटचं, आणि माझ्या वर साहेब म्हणून एक मुलगा, माझ्याहून कितीतरी लहान. मी विचार करायला वेळ मागितला नाही.

घरी येऊन चहा टाकला आणि कळव्याला फोन लावला.

"ताई, सोमवारपासून कामावर जातेय मी."

"अगं बाई! मग आईंचं काय?"

"ठरलंय तसंच. दिवाळीनंतर माझ्याकडे. दिवसा एक बाई ठेवायची, अर्धा पगार तुम्ही द्यायचा, अर्धा आम्ही. रविवारी मी घरी आहे. शनिवारी बाईला सुट्टी, त्या दिवशी तू येऊन बस."

"मी? कळव्याहून?"

"हो."

मागे सासूबाई कोणाचा फोन आहे म्हणून विचारत होत्या.

"का गं, त्यांनी तुझं वय नाही विचारलं?"

"विचारलं."

"मग?"

"सांगितलं."

मी गॅस बारीक केला.

"शनिवारी," ती म्हणाली, "मी जेवून येऊ की तिथेच जेवू?"